चौसष्ट घरांवरचा घाम

स्पर्धेतला बुद्धिबळाचा एक डाव चार तास चालतो. या चार तासांत शरीरात काय घडते, आणि मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या खेळाडूने कोणती काळजी घ्यावी?

बुद्धिबळ हा बसून खेळायचा खेळ. धावावे लागत नाही, गुडघे झिजत नाहीत, हाड मोडण्याची भीती नाही. त्यामुळे साठीकडे झुकलेल्या माणसाला डॉक्टरांनी ‘दगदग कमी करा’ असे सांगितले, की घरची मंडळी त्याचे क्रिकेट बंद करतात, ट्रेकिंग बंद करतात. बुद्धिबळाला मात्र कुणी हरकत घेत नाही. ही समजूत बरीचशी बरोबरही आहे. पण ओसरीवर चहा पीत खेळलेला डाव वेगळा आणि घड्याळ लावून, प्रत्येक चाल लिहून, गुणांकनासाठी खेळलेला स्पर्धेतला डाव वेगळा. दुसऱ्या प्रकारच्या डावात शरीर जागच्या जागी असले, तरी स्वस्थ नसते.

सांगलीला हे वेगळे सांगायला नको. नूतन बुद्धिबळ मंडळ आणि भाऊसाहेब पडसलगीकर यांनी या गावाला बुद्धिबळाचे वेड लावले. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेतेपद मिळवणाऱ्या भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे ही याच परंपरेतली नावे. उन्हाळ्याच्या सुट्टीत सांगलीत स्पर्धा लागल्या, की सातारा, कराड, मिरज, इचलकरंजी, कोल्हापूर इथून खेळाडू येतात. त्यांतले फार थोडे पुढे ग्रँडमास्टर होणार असतात. बाकीचे शाळकरी मुले-मुली, बँकेतले, महावितरणातले, शाळेतले नोकरदार आणि निवृत्तीनंतर पुन्हा पटाकडे वळलेले हौशी लोक. या लेखाचा विषय ही हौशी मंडळीच आहेत.

खाली ज्या डावाचे वर्णन आहे तो अशा अनेक डावांवरून जुळवलेला आहे. त्यातली माणसे कल्पित आहेत. लक्षणे आणि औषधे मात्र रोजच्या बाह्यरुग्ण विभागात दिसणारी आहेत.

डाव मांडण्यापूर्वीच

पांढरी मोहरी घेऊन बसलेले गृहस्थ साताऱ्याचे, वय ५८. बारा वर्षांचा मधुमेह, आठ वर्षांचा रक्तदाब. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लायमेपिराइड, रक्तदाबासाठी अॅमलोडिपिन आणि मेटोप्रोलॉल. काळी मोहरी तेरा वर्षांच्या मुलीकडे. ती सांगलीचीच, घर सभागृहापासून चालत दहा मिनिटांवर.

फेरी साडेनऊची. साताऱ्याहून सांगली सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे काका पहाटे साडेपाचला एसटीत बसले. कराड, पेठ नाका, आष्टा करत सांगलीत उतरेपर्यंत साडेआठ वाजून गेले होते. स्थानकाबाहेर गोळ्या घेतल्या, पोह्यांची प्लेट मागवली. उशीर होईल या धास्तीने अर्धी तशीच ठेवली आणि भरभर चालत सभागृह गाठले. पाण्याची बाटली जवळ होती, पण ‘मध्येच लघवीला उठावे लागायला नको’ म्हणून पाणीही बेतानेच प्यायले. मे महिना. सभागृहाची खिडक्या-दारे आवाज नको म्हणून बंद, वर पंखे गरगरत.

वैद्यकीय दृष्टीने या डावातल्या चुका पहिल्या चालीआधीच झाल्या होत्या. झोप अपुरी, प्रवास लांबचा, पाणी कमी. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे गोळी पूर्ण, न्याहरी अर्धी.

पहिला तास : आठवणींचा खेळ

राजापुढचे प्यादे दोन घरे, मग घोडा, मग उंट. पहिल्या आठ-दहा चाली दोघांनीही झटपट केल्या. दोघांचे किल्लेकोट झाले. हा भाग पाठ असतो. खरा विचार सुरू होतो तो त्यानंतर.

बुद्धिबळपटू विचार कसा करतो, हा मानसशास्त्राचा जुना विषय आहे. पट न पाहता खेळणाऱ्यांच्या स्मरणशक्तीचा अभ्यास फ्रान्सच्या आल्फ्रेड बिने यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केला होता. बुद्ध्यांक मोजण्याच्या चाचणीशी जोडलेले बिने ते हेच. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी एक साधा प्रयोग केला. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवायची, पट झाकायचा आणि आठवेल तशी मोहरी मांडायला सांगायचे. नवशिक्याला चारेक मोहरी बरोबर मांडता आली, निष्णात खेळाडूला सोळाच्या आसपास. मग तीच मोहरी कशीही विस्कटून मांडली आणि पुन्हा पाच सेकंद दाखवली. या वेळी निष्णाताची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली.

याचा अर्थ असा, की चांगल्या खेळाडूची स्मरणशक्ती सरसकट अफाट नसते. तो एकेक मोहरे लक्षात ठेवत नाही. ओळखीचे गट लक्षात ठेवतो. ‘किल्लेकोट केलेला राजा, पुढे तीन प्यादी, शेजारी घोडा’ हा त्याच्या लेखी एकच शब्द असतो. वाचता येणाऱ्याला ‘सज्जनगड’ ही पाटी एका नजरेत कळते, अक्षर न ओळखणाऱ्याला ती नुसती रेघोट्यांची रांग दिसते. तसाच हा प्रकार.

काकांकडे चाळीस वर्षांत साठवलेले असे गट भरपूर होते. मुलीकडे ते कमी, पण पुढच्या चालींचे गणित करण्याचा वेग जास्त. वयाचा हा हिशेब जगज्जेत्यांनाही चुकलेला नाही. १८९० ते २०१४ या काळातल्या २४ हजारांहून अधिक व्यावसायिक डावांची संगणकाकडून छाननी करून २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खेळाचा दर्जा विशीपर्यंत झपाट्याने वाढतो, पस्तिशीच्या सुमारास कळस गाठतो आणि पंचेचाळिशीनंतर हळूहळू उतरतो, असे त्यात दिसले. उतार हळूहळू असतो, हे इथे महत्त्वाचे. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस बुद्धिबळ विसरत नाही. त्याला वेळ थोडा जास्त लागतो, इतकेच. स्पर्धेत नेमका तोच मोजून मिळतो.

दुसरा तास : मेंदू किती खातो?

विसाव्या चालीपर्यंत दोन तास होत आले होते. काकांनी एक प्यादे जिंकले होते. पटाखाली पाय मात्र हलत नव्हते. गृहस्थ एकदाही उठले नव्हते.

बुद्धिबळपटू स्पर्धेत दिवसाला सहा हजार कॅलरी जाळतात, असा एक दावा गेली काही वर्षे फिरतो आहे. त्यावर विश्वास ठेवून डावाआधी जिलेबी खाणारे खेळाडूही आहेत. खरा हिशेब असा. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्क्यांच्या आसपास, पण विश्रांतीच्या वेळी शरीर वापरते त्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के तो एकटा घेतो. ग्लुकोजच्या भाषेत दिवसाला साधारण १२० ग्रॅम, म्हणजे तासाला पाच ग्रॅम; एक चमचा साखर. गंमत अशी, की आपण टीव्ही पाहत असोत की वजीर वाचवण्याच्या विवंचनेत असोत, या खर्चात फारसा फरक पडत नाही. विचार करून वजन उतरत नाही.

फरक पडतो तो ताणामुळे. फ्रान्समधील संशोधकांनी २०० वगैरे नव्हे, अवघ्या २० निरोगी पुरुषांना संगणकाविरुद्ध बुद्धिबळ खेळायला बसवून २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. हृदयाचे ठोके सरासरी मिनिटाला ७५ वरून ८६ वर गेले आणि ताणाच्या वेळी काम करणाऱ्या सिम्पथेटिक मज्जासंस्थेचा जोर वाढल्याचे दिसले. अभ्यास लहान आहे, पण रोजच्या अनुभवाशी जुळणारा आहे. अडचणीची चाल आली, की अॅड्रेनलिन वाढते, ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, तळहात ओले होतात. शरीर पळण्याची तयारी करते आणि माणूस खुर्चीत बसून राहतो.

निरोगी माणसाला याने काही होत नाही. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याला मात्र मानसिक ताणानेही हृदयाचा रक्तपुरवठा अपुरा पडू शकतो. २०१४ मध्ये नॉर्वेतील ट्रॉम्सो इथे झालेल्या ऑलिम्पियाडच्या अखेरच्या फेरीत सेशेल्सच्या संघातला एक ज्येष्ठ खेळाडू पटासमोरच कोसळला आणि वाचू शकला नाही. असे प्रसंग विरळा असतात; त्यासाठी कुणी खेळ सोडण्याची गरज नाही. पण छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दम लागणे यांपैकी काही जाणवले तर ‘ही एक चाल करून उठतो’ असे म्हणायचे नसते.

तिसरा तास : चूक कुठून येते?

हौशी डावांतल्या मोठ्या चुका बहुधा तिसऱ्या तासानंतर होतात. खेळाडू त्याला ‘हातून गेले’ म्हणतात. त्यामागे तीन-चार कारणे एकत्र येतात.

पहिले कारण घड्याळ. बऱ्याच स्पर्धांत प्रत्येकाला दीड तास आणि प्रत्येक चालीमागे ३० सेकंद जादा मिळतात. साठ चालींचा डाव म्हणजे प्रत्येकी दोन तास. सुरुवातीला उधळलेला वेळ शेवटी आठवतो. काकांच्या घड्याळात आता चार मिनिटे उरली होती, मुलीच्या घड्याळात चोवीस.

दुसरे कारण थकवा. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा, शेवटचा डाव होता. गुकेश आणि डिंग लिरेन यांचे गुण समान होते, पटावरची स्थितीही बरोबरीची. पंचावन्नाव्या चालीला डिंग यांनी हत्ती अशा घरात नेला, की गुकेशला हत्ती आणि उंट दोन्हींची मारामारी करून जिंकणारा अंतिम टप्पा गाठता आला. अशी चूक डिंग एरवी जलद खेळातही करणार नाहीत. तीन आठवड्यांच्या ताणाने थकलेल्या जगज्जेत्याचे असे होत असेल, तर पहाटे एसटी पकडलेल्या माणसाने स्वतःला दोष देऊ नये.

तिसरे कारण हवा. जर्मनीत काही स्पर्धांच्या सभागृहात हवेची मोजणी करणारी यंत्रे बसवून हजारो चालींशी त्यांचा ताळा घेतला गेला. तो अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हवेतले सूक्ष्म धूलिकण वाढले, की खेळाडूंच्या चुका वाढत होत्या, आणि वेळ कमी उरला असताना जास्तच. तेव्हा शांततेसाठी सगळ्या खिडक्या लावून घेणारे आयोजक एका हाताने देतात आणि दुसऱ्या हाताने काढून घेतात.

चौथे कारण चहा. चहा-कॉफीने तरतरी येते हे खरे. पण ३९ खेळाडूंना कॅफिन आणि दोन उत्तेजक औषधे देऊन संगणकाविरुद्ध तीन हजारांहून अधिक झटपट डाव खेळवले, तेव्हा एक मजेशीर गोष्ट दिसली. औषध घेतल्यावर खेळाडू अधिक खोल विचार करत होते आणि म्हणूनच जास्त डाव वेळेवर हरत होते. २०१७ च्या या अभ्यासातले उत्तेजक औषधांचे दुष्परिणाम लक्षात घेता, त्यांच्या वाटेला न जाणेच बरे. एखादा कप चहा पुरे.

काकांच्या बाबतीत या चारांखेरीज पाचवे कारण होते, आणि तेच सगळ्यात धोकादायक.

चाळीस चालींनंतर

पावणेएकच्या सुमारास पटावर थोडीच मोहरी उरली होती. प्यादी एकास एक मारली गेली होती. दोघांकडे एकेक हत्ती, आणि पांढऱ्याकडे पटाच्या अगदी कडेचे एक जादा प्यादे. हत्ती ठेवून खेळत राहणे, हा जिंकण्याचा प्रयत्न करण्याचा मार्ग. काकांनी हत्तीने हत्ती मारून टाकला. काळा राजा दोन-तीन घरे चालून कोपऱ्यात जाऊन बसणार, हे उघड होते. कडेचे प्यादे आणि त्याच्या वाटेवरच्या कोपऱ्यात विरुद्ध राजा, म्हणजे बरोबरी. हे काका स्वतः मोहल्ल्यातल्या मुलांना शिकवत आले होते.

त्यांच्या कपाळावर, मानेवर घाम होता. सदरा पाठीला चिकटला होता. सांगलीचा मे महिना, त्याला कोण काय म्हणणार? छातीत धडधड नव्हती, हात थरथरत नव्हते. त्यामुळे त्यांना स्वतःला ‘उकडतंय’ यापलीकडे काही वाटले नाही.

मुलीचे लक्ष गेले ते त्यांच्या स्कोअरशीटकडे. तिने केलेली चाल काकांनी स्वतःच्या रकान्यात लिहिली होती. पुढची चाल पुन्हा त्याच ओळीवर गिरवली. तासाभरापूर्वीपर्यंत सुवाच्य असलेले अक्षर ओळ सोडून उतरत गेले होते. चाल काकांची होती, घड्याळ चालू होते आणि ते पटाकडे नुसते पाहत होते. तिने हळूच विचारले, “काका, बरं वाटत नाहीये का?” उत्तर आले नाही. तिने घड्याळ थांबवले आणि हात वर करून पंचांना बोलावले.

प्रतिस्पर्ध्याशी डावात बोलू नये, असा नियम तिला शिकवलेला होता. पण पंचांची मदत हवी असेल तर खेळाडूला घड्याळ थांबवता येते, हाही नियमच आहे. पुष्कळ मोठ्या खेळाडूंना तो ऐन वेळी आठवत नाही.

पंचांनी काकांना बाजूच्या खुर्चीवर बसवले. जिल्ह्याच्या गावात अशा सभागृहातल्या दहा पिशव्या उघडल्या, तर एकीत ग्लुकोमीटर निघतोच. एका पालकाकडे तो होता. आकडा आला ५४. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, की तिला ‘साखर कमी होणे’ म्हणतात. ५४ हा गंभीर इशारा. काका गिळू शकत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात कालवून दिली. पंधरा मिनिटांनी आकडा ८८ झाला. मग दोन पोळ्या आणि भाजी. काका भानावर आले, पटाकडे पाहिले आणि पहिले वाक्य बोलले, “मी हत्ती मारला?” पंचांनी दोघांना विचारले. बरोबरी मान्य झाली.

धडधड का झाली नाही?

हा प्रसंग नीट समजून घेण्यासारखा आहे. ग्लायमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न आहे की नाही, हे त्या गोळीला कळत नाही. गोळी पूर्ण आणि जेवण अर्धे झाले, की दोन-चार तासांत साखर घसरते. नुसत्या मेटफॉर्मिनने असे सहसा होत नाही. इन्सुलिनने मात्र होऊ शकते.

साखर घसरू लागली, की शरीर आधी धोक्याची घंटा वाजवते. अॅड्रेनलिन वाढते, धडधड, थरथर, घाम, भूक. तरीही साखर मिळाली नाही तर मेंदूच उपाशी पडतो. मग गोंधळ, चिडचिड, अडखळते बोलणे, शेवटी बेशुद्धी. पटावर बसलेल्या माणसाची पहिली अडचण ही, की धडधड, थरथर आणि घाम ही लक्षणे डावाच्या ताणातही येतात. त्यामुळे ‘टेन्शन आलंय’ म्हणून ती झटकली जातात.

काकांची दुसरी अडचण त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत होती. मेटोप्रोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर औषधे अॅड्रेनलिनचा हृदयावरचा परिणाम अडवतात. त्यांचा उपयोगच तो आहे. पण त्यामुळे साखर कमी झाल्यावर होणारी धडधड आणि थरथर झाकली जाऊ शकते. घाम मात्र झाकला जात नाही, कारण घामाचा रासायनिक निरोप वेगळा असतो. म्हणून हे औषध घेणाऱ्या मधुमेही माणसाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. कारण नसताना आलेला दरदरून घाम ही कदाचित एकच घंटा वाजेल. हे वाचून कुणी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. ती अचानक बंद करणे अधिक घातक असते. डॉक्टरांशी बोलावे.

आणखी एक गोष्ट. या गटातल्या गोळ्यांचा परिणाम बराच काळ टिकतो. साखर एकदा वर आली म्हणजे संकट टळले, असे नाही. काही तासांनी ती पुन्हा उतरू शकते, विशेषतः मूत्रपिंडे कमजोर असतील तर. म्हणून अशा खेळाडूने दुपारची फेरी खेळण्याचा हट्ट करू नये. थोड्या-थोड्या वेळाने साखर तपासावी, डॉक्टरांना दाखवावे आणि साताऱ्याची एसटी एकट्याने पकडू नये.

मग बुद्धिबळाचा फायदा काय?

फायद्यांबद्दलही दोन टोकांचे दावे ऐकू येतात. एक म्हणजे बुद्धिबळाने विस्मरणाचा आजार टळतो. न्यूयॉर्कमध्ये ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींची पाच वर्षांहून अधिक काळ पाहणी करून २००३ मध्ये निष्कर्ष मांडले गेले. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांना डिमेन्शिया कमी प्रमाणात झाल्याचे दिसले. पण ज्यांचा मेंदू आधीच शाबूत आहे तेच असे छंद टिकवू शकतात, हीही शक्यता उरते. तेव्हा बुद्धिबळ हे औषध नव्हे. रक्तदाब, साखर, श्रवणशक्ती, चालणे यांची काळजी घेणाऱ्या माणसाच्या दिनक्रमात ते एक चांगला छंद आहे. त्यातून घराबाहेर पडणे होते, चार माणसे भेटतात. निवृत्तीनंतर याचे मोल मोठे असते.

दुसरा दावा पालकांचा. बुद्धिबळाने मुलाचे गणित सुधारते. इंग्लंडमध्ये शंभर प्राथमिक शाळांत याची पद्धतशीर परीक्षा झाली. बुद्धिबळ शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांच्या गणितात वर्षभरानंतर फरक आढळला नाही. अहवाल २०१६ मध्ये आला. बुद्धिबळ शिकून मूल बुद्धिबळ शिकते. त्यासोबत हार पचवणे, आपल्या चुकीची कारणे शोधणे, दोन तास एका जागी मन लावणे याचा सराव होतो, तो वेगळा. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकल्यापासून मुलींची स्पर्धांतली गर्दी पालकांच्या आशांसह येते. सभागृहाबाहेर उभे राहून प्रत्येक फेरीनंतर ‘का हरलीस?’ असे विचारणाऱ्यांनी आधी ‘जेवलीस का?’ असे विचारावे. मुलांची पोटदुखी, वारंवार लघवीला लागणे, आदल्या रात्री झोप न येणे ही पुष्कळदा ताणाची भाषा असते.

पटावर बसण्यापूर्वी

• आदल्या रात्री पूर्ण झोप घ्यावी. लांबून यायचे असेल तर शक्य झाल्यास आदल्या दिवशी मुक्कामाला यावे. उशिरापर्यंत मोबाइलवर झटपट डाव खेळत बसू नये.

• गोळी घेतली तर न्याहरी पूर्ण करावी. उसळ, अंडे, भाकरी-भाजी, दाणे घातलेले पोहे असे टिकणारे अन्न चांगले. स्पर्धेच्या दिवशी औषधाचे प्रमाण काय ठेवायचे, हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

• मधुमेहींनी डावाआधी साखर तपासावी आणि खिशात ग्लुकोजची पुडी किंवा साखर ठेवावी. साताऱ्याचा कंदी पेढा या कामाचा नाही. त्यातल्या खव्याच्या स्निग्धतेमुळे साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. पेढा जिंकल्यावर, तोही अर्धा.

• दंडावर साखर मोजणारा सेन्सर असेल तर फेरीआधीच पंचांना दाखवून परवानगी घ्यावी. तो मोबाइलशी जोडलेला असतो आणि सभागृहात मोबाइलला बंदी असते.

• दर अर्ध्या-पाऊण तासाने प्रतिस्पर्ध्याची चाल असताना उठावे, चार पावले चालावे. ग्रँडमास्टरही हेच करतात. तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवल्याने पोटरीतले रक्त साकळते. पाणी घोट-घोट पीत राहावे. लघवीला उठण्याने डाव हरत नाही.

• घाम, गोंधळ, अक्षर बिघडणे, एकच ओळ पुन्हा वाचावी लागणे यांपैकी काही झाले, तर घड्याळ थांबवून पंचांना बोलवावे. शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. एका कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा.

• छातीत दुखले तर साखर-पाण्यात वेळ न घालवता थेट १०८.

आयोजकांसाठी यादी छोटी आहे. दोन खिडक्या उघड्या, पिण्याचे पाणी जवळ, दोन फेऱ्यांमध्ये जेवायला खरोखरीचा वेळ, आणि पंचांच्या टेबलावर जादा घड्याळाशेजारी एक ग्लुकोमीटर व साखरेचा डबा. प्रवेश अर्जात ‘काही आजार, चालू औषधे, घरच्यांचा फोन नंबर’ असा एक रकाना वाढवायला खर्च येत नाही. आणि मुलांना नियम शिकवताना हात लावलेले मोहरे चालवावेच लागते हे जितक्या वेळा सांगितले जाते, तितक्याच वेळा घड्याळ कधी थांबवायचे असते हेही सांगावे.